उपग्रहाचे प्रमाण आणि कर्तव्याचा प्रश्न

ब्रिटनच्या संसदेने २००८ साली संमत केलेल्या हवामानबदल कायद्याचे पहिलेच कलम कर्तव्याची भाषा बोलते. ठरलेल्या वर्षापर्यंत देशाचे हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन, म्हणजे हवेत सोडलेल्या वायूंतून जंगले, माती आदींनी शोषलेले वायू वजा करून उरणारा आकडा, ठरलेल्या मर्यादेत आणणे ही संबंधित मंत्र्याची जबाबदारी आहे, असे ते कलम सांगते. मूळ कायद्यात २०५० पर्यंत १९९० च्या तुलनेत किमान ८० टक्के घट अपेक्षित होती. जून २०१९ मध्ये ती १०० टक्के करण्यात आली आणि ‘निव्वळ शून्य’ हे देशाचे कायदेशीर ध्येय ठरले. या ध्येयाच्या समर्थनार्थ जमीन आणि समुद्र यांच्या उपग्रहीय निरीक्षणांचा आधार आता सर्रास घेतला जातो आणि ‘उपग्रह असे दाखवतात, म्हणून धोरण असे हवे’ हे वाक्य सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. त्या एका वाक्यात दोन उड्या दडलेल्या आहेत. पहिली उडी किरणांपासून ज्ञानाकडे आहे, दुसरी ज्ञानापासून कर्तव्याकडे. पहिलीचा विचार भारतीय दर्शनांनी प्रमाणशास्त्रात केला आणि दुसरीचा धर्ममीमांसेत. या दोन विचारांची गल्लत होऊ नये याबद्दल ती दर्शने कमालीची दक्ष होती. ब्रिटनमधील उपग्रह-विज्ञानाचे उदाहरण समोर ठेवून हा भेद तपासला, तर उपग्रहाकडून काय मागावे आणि काय मागू नये हे बरेच स्पष्ट होते.

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. अवकाशातून ‘पाहिलेली’ पृथ्वी सामान्य बोलण्यात प्रत्यक्षाच्या खात्यावर जमा होते, आणि तिचा दरारा बऱ्याच अंशी त्या जमेवरच उभा असतो. डोळ्यांना दिसते ते नाकारायचे कसे, असा त्यामागचा भाव असतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. ऑक्सफर्डशरमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत घडवलेला एक किरणमापक जुलै १९९१ मध्ये ‘ईआरएस-१’ या युरोपीय उपग्रहाबरोबर कक्षेत गेला. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान हवामानशास्त्राला पुरेल इतक्या काटेकोरपणे मोजणे हे त्याचे काम होते. या उपकरणाला तापमान दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात ती पाण्याच्या सर्वांत वरच्या, मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढ्या पातळ थरातून निघालेली अवरक्त किरणे, आणि तीही वाटेतल्या बाष्पाने काही गिळलेली, काही बदललेली. म्हणून या उपकरणाला एकच पट्टा दोनदा पाहायला लावले होते. उपग्रह पुढे सरकत असताना ते आधी सुमारे ५५ अंशांच्या कोनातून तिरपे पाहत असे आणि दोन-अडीच मिनिटांनी, उपग्रह त्या पट्ट्याच्या डोक्यावर आला की, सरळ खाली. तिरप्या नजरेला हवेचा जवळजवळ दुप्पट जाड थर ओलांडावा लागतो, त्यामुळे दोन नजरांतल्या फरकावरून हवेने किती किरणे गिळली याचा हिशेब करता येतो.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत ही सरळसरळ अनुमानप्रक्रिया आहे. समुद्राचा पट्टा हा पक्ष, म्हणजे ज्याविषयी काही सिद्ध करायचे ती वस्तू. त्याचे तापमान हे साध्य. पोहोचलेली किरणे हा हेतू, म्हणजे खूण. आणि कोणताही पदार्थ आपल्या तापमानानुसार ठरावीक रीतीने किरणे सोडतो हा भौतिकीचा नियम म्हणजे व्याप्ती, हेतू आणि साध्य यांचा अव्यभिचारी संबंध. अनुमान म्हटल्याने त्याला कमीपणा येत नाही. मात्र ते कोठे चुकू शकेल याचा शोध घेणे बंधनकारक होते. नैयायिकांनी अशा चुकीच्या एका जागेला उपाधी असे नाव दिले. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे, परंतु जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणता येत नाही, कारण धूर निघण्यासाठी सरपणात ओल असावी लागते. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. ‘ईआरएस-१’ उडण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, जून १९९१ मध्ये, फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याने वर फेकलेल्या गंधकयुक्त कणांचा पडदा पृथ्वीभोवती पसरला. एकाच कोनातून पाहणाऱ्या जुन्या उपकरणांना त्या पडद्यामुळे समुद्र होता त्याहून थंड भासू लागला. किरणे कमी म्हणजे समुद्र थंड, या अनुमानात हवा स्वच्छ असण्याची अट गृहीत धरलेली होती आणि तीच पिनातुबोने मोडली. दोन कोनांतून पाहणाऱ्या उपकरणाला हा पडदा ओळखता आला आणि त्याचा परिणाम बराचसा वजा करता आला. उपग्रहाच्या दृष्टीचे सामर्थ्य उंचीत नसून आपल्या अनुमानातील उपाधी हुडकण्याच्या या तयारीत आहे.

येथून प्रामाण्याचा, म्हणजे ज्ञानाच्या खरेपणाचा, जुना वाद जिवंत होतो. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, ते खोटे ठरवायला बाहेरचे कारण लागते. यालाच स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक परतःप्रामाण्यवादी: ज्ञानाचा खरेपणा त्याच्याबाहेरील कसोटीवरच ठरतो. मीमांसकांनी त्यांच्यावर घेतलेला आक्षेप बिनतोड वाटतो. एका ज्ञानाला दुसऱ्याची साक्ष लागत असेल, तर दुसऱ्याला तिसऱ्याची लागेल आणि ही साखळी कधीच संपणार नाही. या दोषाला अनवस्था म्हणतात. उपग्रहावरील मापकाबाबत हीच अडचण व्यवहारात उभी राहते. वर उल्लेखिलेला किरणमापक प्रत्येक फेऱ्यात स्वतःजवळच्या दोन काळ्या पिंडांकडेही पाहत असे. त्यांपैकी एक उष्ण, दुसरा थंड आणि दोघांचे तापमान ठाऊक असलेले. पण त्या पिंडांवरील तापमापकांची ग्वाही कोण देणार? प्रयोगशाळेत प्रत्येक मापन तुलनेच्या अखंड साखळीने आंतरराष्ट्रीय एककांपर्यंत नेऊन भिडवता येते. उपकरण कक्षेत गेले की ती साखळी तुटते, कारण सूर्याच्या प्रखर किरणांनी आणि काळाच्या ओघात ते हळूहळू बदलत जाते आणि त्याला परत आणून तपासण्याची सोय नसते.

लंडनजवळील टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने या अनवस्थेवर जो तोडगा सुचवला, तो तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. तेथील शास्त्रज्ञ नायजेल फॉक्स यांच्या कल्पनेतून पुढे आलेली आणि ब्रिटनच्या पुढाकाराने युरोपीय अवकाश संस्थेने हाती घेतलेली ‘ट्रुथ्स’ ही मोहीम म्हणजे कक्षेत ठेवायची मापन-प्रमाणशाळा आहे. तिच्या केंद्रस्थानी अतिशीत किरणमापक आहे. उणे २०० अंशांच्याही खाली थंड केलेल्या एका पोकळीत प्रकाश शोषला जातो व पोकळी किंचित तापते; मग प्रकाश अडवून तेवढीच उष्णता विजेने निर्माण केली जाते; आणि विजेची शक्ती अचूक मोजता येत असल्यामुळे प्रकाशाची शक्तीही तितकीच अचूक कळते. साखळी अशा रीतीने उपकरणाच्या पोटातच मूळ एककाला भिडते. इतर उपग्रहांनी त्याच वेळी तोच भूभाग पाहिला, की त्यांची मोजमापे या उपग्रहाशी ताडून दुरुस्त करता येतील, अशी योजना आहे. साखळी अनंत असायला नको, तिचे शेवटचे टोक सर्वांना मान्य असावे आणि कोणालाही पुन्हा तपासता यावे, एवढीच अपेक्षा त्यामागे दिसते. परतःप्रामाण्याचा हा व्यवहार्य अर्थ नैयायिकांच्याही मनाजोगता ठरला असता.

संशयाला मात्र मर्यादा असावी लागते. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ती ‘न्यायकुसुमांजली’त आखून दिली: संशयामुळे संशय घेणाऱ्याचे स्वतःचेच वर्तन खोटे पडू लागले, की तो संशय थांबला पाहिजे. धूर हवा म्हणून जो अग्नी पेटवतो, त्याला अग्नी आणि धूर यांच्या संबंधाविषयी प्रामाणिकपणे शंका घेता येत नाही. उपग्रहांनी दिलेल्या वादळाच्या सूचनेवरून बोट किनाऱ्याला लावणारा माणूस त्याच उपग्रहांच्या तापमानवाढीच्या नोंदींना थोतांड म्हणू लागला, तर उदयनांचा हा आक्षेप त्याला लागू पडतो. तरीही तो संपूर्णपणे लागू पडत नाही, हे येथे नोंदवणे न्याय्य ठरेल. उद्याच्या वाऱ्यासाठी आजचे मोजमाप बरोबर असले की भागते. हवामानबदलाचा कल मात्र दशकाला अंशाच्या एक-दोन दशांशांइतका सूक्ष्म असतो आणि तो ओळखायचा तर १९९१ चे उपकरण आणि आजचे उपकरण यांच्यात तितकाही छुपा फरक राहता कामा नये. म्हणजे संशयाचा एक रास्त अंश येथे उरतोच, आणि ‘ट्रुथ्स’सारखी मोहीम त्या अंशाला दिलेले उत्तर आहे. संशयाची टर उडवून विज्ञान मजबूत होत नसते. रास्त संशयासाठी कसोटी उभी केली की ते होते.

न्यायभाष्यकार वात्स्यायनाने खरेपणाची आणखी एक कसोटी आपल्या भाष्याच्या आरंभीच दिली आहे: ज्ञानानुसार केलेली प्रवृत्ती, म्हणजे कृती, सफल होणे. मृगजळाकडे धावणाऱ्याची तहान भागत नाही, पाण्याकडे जाणाऱ्याची भागते. २०२३ च्या वसंत ऋतूत इंग्लंडमधील चेल्टनहॅमजवळ या कसोटीचा नमुना पाहायला मिळाला. लीड्स विद्यापीठाचे संशोधक ‘जीएचजीसॅट’ या कंपनीच्या उपग्रहांच्या साहाय्याने तेथील एका कचराभूमीतून निघणाऱ्या मिथेनवर नजर ठेवून होते. जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशातील ठरावीक तरंगलांबी मिथेन शोषतो, त्यावरून हवेतला त्याचा लोट ओळखता येतो. तसा एक लोट कचराभूमीपासून बाजूला, भलत्याच जागी दिसला. माणसे जमिनीवरील मोजयंत्रे घेऊन तेथे गेली, तेव्हा ती गॅसच्या जमिनीखालील वाहिनीतली गळती निघाली; पुढे ती वाहिनी दुरुस्त झाली आणि नंतरच्या निरीक्षणात लोट नाहीसा झालेला आढळला. आकाशातील अनुमान, जमिनीवरील प्रत्यक्ष आणि सफल प्रवृत्ती अशा तिन्ही पायऱ्या या एका घटनेत सलग लागल्या. हवामानाच्या मोठ्या प्रश्नांत मात्र अनुमान आणि फळ यांच्यामध्ये पिढ्यांचे अंतर असते. २०५० चे फळ हाती येईपर्यंत थांबून आजच्या ज्ञानाचा खरेपणा ठरवू म्हणणे म्हणजे कृतीची वेळच दवडणे होय.

अशा ठिकाणी चौथे प्रमाण, शब्द, उपयोगी पडते. मंत्री, खासदार किंवा सामान्य नागरिक यांना किरणमापन तपासता येत नाही; त्यांना कोणाच्या तरी सांगण्यावर विसंबावे लागते. आप्त, म्हणजे विश्वसनीय सांगणारा, कोणाला म्हणावे याचे वात्स्यायनाने दिलेले लक्षण आश्चर्य वाटावे इतके उदार आहे: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेंच्छ. अधिकार जन्माने वा पदाने येत नाही. जाणणे आणि प्रामाणिकपणे सांगणे या दोन गुणांनी येतो. ब्रिटनने या बाबतीत एक चांगला पायंडा पाडला आहे. बहुतेक देश किती इंधन जळले, किती गुरे आहेत, यांवरून उत्सर्जनाचा आकडा कागदावर मांडतात आणि तेथेच थांबतात. ब्रिटनमध्ये हेरेफर्डशरमधील रिज हिलसारख्या ठिकाणच्या उंच मनोऱ्यांवरून हवेतील वायू अखंड मोजले जातात, हवामान कार्यालय वाऱ्याच्या गणितातून ते कोठून आले असतील याचा अंदाज बांधते आणि सरकारी आकडा या स्वतंत्र आकड्याशी ताडून पाहिला जातो. आपला हिशेब दुसऱ्याच्या हाती तपासायला देणे, हे आप्ताच्या प्रामाणिकपणाचे संस्थात्मक रूप आहे.

इतके सगळे पदरात पडले, तरी पहिली उडीच पुरी झालेली असते. दुसऱ्या उडीपाशी जैमिनी वाट अडवून उभा आहे. मीमांसासूत्रांच्या प्रारंभीच त्याने सांगून टाकले, की इंद्रियांनी होणारे ज्ञान धर्माचे प्रमाण होऊ शकत नाही, कारण इंद्रिये विद्यमान वस्तू तेवढी ग्रहण करतात आणि धर्म म्हणजे जे अद्याप घडायचे आहे, जे करायचे आहे ते. ‘असे आहे’ या ज्ञानातून ‘असे करावे’ ही आज्ञा निघत नाही; तिच्यासाठी चोदना, म्हणजे प्रवृत्त करणारे विधिवाक्य, लागते. एडिंबरात जन्मलेल्या डेव्हिड ह्यूमने १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जवळपास हीच फट दाखवली; ‘आहे’च्या विधानांवरून लेखक नकळत ‘पाहिजे’च्या विधानांवर घसरतात, अशी त्याची तक्रार होती. जैमिनीने फट वेदवाक्याने भरली, ह्यूमने मानवी भावनांकडे बोट दाखवले. उत्तरे परस्परांपासून दूरची असली, तरी केवळ पाहण्यातून कर्तव्य उपजत नाही यावर दोघांचे एकमत आहे.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, केथनेस आणि सदरलंड या परगण्यांत पसरलेली ‘फ्लो कंट्री’ ही दलदलभूमी या मुद्द्याचा पुरावाच होय. हजारो वर्षांच्या शेवाळाचे न कुजलेले थर साचून तेथे पीट तयार झाले आहे आणि त्यात सुमारे ४० कोटी टन कार्बन कोंडलेला आहे. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. ओल वाढली की या दलदलीचा पृष्ठभाग फुगतो आणि उन्हाळ्यात तो खाली बसतो; रडार उपग्रह ही काही मिलिमीटर ते सेंटिमीटरची हालचाल टिपतात, आणि तिच्या लयीवरून दलदल धडधाकट आहे की सुकत चालली आहे हे ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. याच भूमीवर १९८० च्या दशकात करसवलतींच्या आमिषाने चर खणून शंकुवृक्षांची लागवड झाली. १९८८ च्या अर्थसंकल्पाने त्या सवलती बंद केल्या आणि आता अनेक ठिकाणी ती झाडे काढून, चर बुजवून पाणी परत अडवले जात आहे. हिरवेपणाचा निर्देशांक एकटाच पाहिला असता तर लागवड ही प्रगती आणि झाडे काढणे ही अधोगती भासली असती. दलदल राखावी, की लाकूड पिकवावे, की रोजगार द्यावा, याचे उत्तर कोणत्याही प्रतिमेत नसते. उत्तर ठरल्यावर त्याप्रमाणे घडते आहे का, एवढेच प्रतिमा सांगू शकते.

विज्ञान म्हणजे डोळे आणि शासन म्हणजे पाय, अशी मांडणी अनेकदा केली जाते, आणि तिच्यासाठी सांख्यांचा पांगळ्या-आंधळ्याचा दृष्टांत सहज सुचतो. पण गौडपादांच्या भाष्यातील ती गोष्ट नीट पाहिली, तर ते दोघे अरण्यात ताफ्यापासून तुटलेले वाटसरू आहेत आणि दोघांनाही तेथून सुटायचेच आहे. खांद्यावरचा वाट दाखवतो आणि खालचा चालतो, कारण जायचे कोठे हे आधीच ठरलेले आहे. हवामानधोरणात नेमके हेच ठरलेले नसते. म्हणून २००८ च्या कायद्याचे मोल वेगळे आहे: त्याने विधिवाक्याची जागा भरून काढली. जे कर्तव्य उपग्रह सांगू शकत नव्हता ते संसदेने सांगितले, आणि ते एकदा सांगितले गेल्यावर उपग्रहाच्या निरीक्षणाला नवे काम मिळाले. धर्म सांगण्याचे नव्हे, तर धर्म पाळला जातो की नाही हे तपासण्याचे.

तपासणीलाही सीमा आहेत. राष्ट्रीय नोंदवहीत निचरा केलेल्या पीटभूमीचे उत्सर्जन २०२१ मध्ये पूर्णपणे धरले गेले, तेव्हा कार्बन शोषणारे मानले गेलेले ब्रिटनचे भूवापर-क्षेत्र एकाएकी कार्बन सोडणारे ठरले. दलदलीत तसूभरही बदल झाला नव्हता, बदलला होता तो हिशेब. याहून खोल सीमा कर्त्याविषयीची आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार आहेत: कृत, म्हणजे स्वतः केलेली, कारित, दुसऱ्याकडून करवलेली, आणि अनुमोदित, संमती दिलेली. उपग्रहाला यांपैकी फक्त कृत दिसते, कारण धूर जेथून निघतो ती जागा तो दाखवतो, कोणासाठी निघतो हे नाही. नॉटिंगहॅमशरमधील रॅटक्लिफ-ऑन-सोअर येथील कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले आणि देशाच्या हद्दीतील उत्सर्जन १९९० च्या जवळपास निम्म्यावर आले. परंतु परदेशांत बनून ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या वस्तूंचे उत्सर्जन जमेस धरले, तर आकडा बराच मोठा होतो. ही कारित आणि अनुमोदित बाजू लीड्स विद्यापीठाचे अभ्यासक व्यापाराच्या तक्त्यांवरून सरकारसाठी मोजतात. अवकाशातून ती मोजता येत नाही.

धर्मशास्त्राने साक्षीची कल्पना याहून व्यापक ठेवली होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेतल्या साक्षीदाराला बजावले आहे, की आकाश, भूमी, पाणी, सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, रात्र आणि संध्यासमय हे सर्व देहधाऱ्यांचे आचरण जाणतात. याच यादीत हृदयही बसवलेले आहे. भूमी, पाणी, वायू यांची साक्ष काढण्याचे सामर्थ्य आज उपग्रहाने मिळवून दिले आहे, पण हेतू जाणणारा साक्षी बाहेर बसवता येत नाही; हिशेबाची कोणती बाजू लपवायची इच्छा आहे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

मीमांसकांनी कर्मांची वर्गवारी करताना प्रधान कर्म आणि त्याचे अंग असा भेद केला. दर्शपूर्णमास या अमावास्या-पौर्णिमेच्या यागात प्रयाज नावाच्या आहुती अंगभूत असतात. त्या नीट पार पडल्याशिवाय याग सफल होत नाही, पण नुसत्या त्यांचे वेगळे फळ मिळत नाही. हवामानधोरणात निरीक्षणाचे स्थान हेच आहे. उत्सर्जन घटवण्याचे कर्तव्य एकदा स्वीकारले, की त्याच्या मोजमापाची सोय करणे, उपग्रहांची मालिका तुटू न देणे आणि मोजमापे उघडी ठेवणे हे त्याचे अंग म्हणून बंधनकारक होते. ब्रेक्झिटनंतर २०२१ पासून युरोपच्या ‘कोपर्निकस’ या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमातून बाहेर राहिलेले ब्रिटन जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा त्यात सामील झाले, त्याचे समर्थन याच तत्त्वावर करता येते. मात्र निरीक्षण जसजसे सूक्ष्म आणि देखणे होत जाते, तसतसे त्यालाच कर्तव्यपूर्ती समजण्याचा मोह वाढतो, आणि आणखी एका अहवालाची वाट पाहणे हे काम केल्यासारखे वाटू लागते. अंग कितीही निर्दोष पार पडले, तरी प्रधान कर्म करायचे राहिले असेल तर त्याचे फळ कोणाच्याही खात्यावर जमा होत नाही.